पंधरा ग्रॅम, एक पूल आणि दोन कायदे: सिंगापूर बरोबर की मलेशिया?

शिरोलीकर

मंडळी, लांबलचक होणार आहे, पण डोक्यात बसलंय ते लिहून मोकळा होतो. माझा पुतण्या पुढच्या महिन्यात मलेशियाला चाललाय, जोहोर बाहरूला, मशीन शॉपमध्ये नोकरी लागलीय. इथं शिरोली एमआयडीसीत सहा वर्षं सीएनसीवर काढली पोरानं, हात चांगला बसलाय. परवा वहिनीनं त्याच्यासाठी डंकावरनं चटणी कुटून आणली, तीन किलो, आणि सोबत पावशेर खसखस वेगळी बांधून ठेवली, रश्श्याला लागते म्हणून. एजंटकडचा माणूस सामानाची यादी बघता बघता थांबला आणि म्हणाला, ही खसखस काढा काकू, पोरगं सुट्टीला पूल ओलांडून सिंगापूरला जाणारच, आणि तिथं खसखस बंदीच्या मालात येते, अफूच्या बोंडातलं बी ना ते. वहिनीनं चटणीच्या पिशवीकडं बघितलं, कारण चटणीत पण खसखस भाजून घातलेली. सगळी चटणी तिनं परत डब्यात ओतली आणि दुसऱ्या दिवशी बिनखसखशीची कुटून आणली.

तेव्हापासनं मी रोज रात्री ह्या दोन देशांचे कायदे वाचत बसलोय. दोघांच्या मध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी, त्यावर एक किलोमीटरचा पूल. १९६३ ते १९६५ दोन वर्षं तर दोघं एकाच देशात होते. कायद्याची घडण पण सारखी, दोन्हीकडं इंग्रजांची. मलेशियाचा डेंजरस ड्रग्ज ॲक्ट १९५२ चा, सिंगापूरचा मिसयूज ऑफ ड्रग्ज ॲक्ट १९७३ चा. हेरॉईनचा आकडा दोन्हीकडं १५ ग्रॅम, तेवढं विकायला नेताना सापडलं की फाशी, आणि ती पण सक्तीची, म्हणजे गुन्हा शाबित झाला की न्यायाधीशाला दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. सिंगापूरनं हे १९७५ ला आणलं, मलेशियानं १९८३ ला.

आणि मग वाटा फुटल्या. मलेशियानं २०१८ पासनं फाशी द्यायची थांबवली आणि २०२३ ला फाशीची सक्तीच काढून टाकली, ४ जुलै २०२३ पासनं ते लागू झालं. फाशी अजून पुस्तकात हाय, पण न्यायाधीश माणूस बघून ठरवतो, फाशी नाही दिली तर जन्मठेप आणि वर कमीत कमी १२ फटके. एवढंच नाही, ज्यांची अपिलं संपून गेलीवती अशा हजारावर लोकांना परत कोर्टात जाऊन शिक्षा तपासून घ्यायची संधी दिली. सिंगापूरनं मात्र सक्ती ठेवली. २०१३ पासनं तिथं दोनच फटी हायत, आणि दोन्ही नुसत्या माल पोचवणाऱ्याला. सरकारी पक्षानं लिहून दिलं की ह्यानं साखळी तोडायला खरी मदत केली, तर जन्मठेप आणि कमीत कमी १५ फटके देता येतात. नाहीतर मानसिक विकारानं त्याची समज खूपच कमी झालेली होती असं शाबित झालं तर जन्मठेप.

माझं मत स्पष्ट सांगतो, मलेशियानं केलं ते बरोबर. मी काय नशेखोरांच्या बाजूचा माणूस नाही, तंबाखूसुद्धा खात नाही. पण जिवाचा निकाल तराजूनं लावायचा, समोर कोण उभा हाय, कशापायी आला, मालक हाय का हमाल हाय, हे न्यायाधीशानं बघायचंच नाही, हे मला पटत नाही. तुम्ही सांगा.

मंगळवारपेठ

दादा, तुमचा मान ठेवून सांगतो, तुम्ही वाचून लिहिलंय, मी बघून लिहितोय.

आमच्या तालमीत एक पोरगं होतं. नाव घेत नाही, घरचे हितंच राहतात. १९ वर्षांचं, ७४ किलोत खेळायचं. पहाटे चारला उठून जोर, संध्याकाळी मातीत, रात्री चौकात जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध, पितळी गिलास तोंडाला लावला की खाली ठेवायचा तो रिकामाच. एका जत्रेत त्याची कुस्ती बघितलीय मी, घिस्सा असा मारला की समोरच्याला कळलं पण नाही. त्याला कुणीतरी एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, पुडी दिली, ताकद येती म्हणून. दीड वर्षात ५२ किलो झालं पोरगं. दात खाऊन खाऊन गालाला आतनं जखमा. रात्र रात्र गच्चीवर फिरायचं. आईचं मंगळसूत्र गेलं, मग गॅसची टाकी गेली, मग म्हस गेली. म्हस, दादा. त्या म्हशीच्या दुधावर वाढलेलं पोरगं.

आणि त्याला पुडी देणारा सहा महिन्यांत बाहेर येऊन त्याच कोपऱ्यावर बुलेट लावून बसतोय. मला सांगा माणूस बघून शिक्षा म्हणजे कुणाला बघायचं? विकणाऱ्याला बघायचं का त्या आईला? सिंगापूर बरोबर हाय. १५ ग्रॅम म्हणजे कुणाचीतरी पंधरा घरं. लावा की तराजू.

राजारामपुरी_सहावी_गल्ली

मंगळवारपेठ दादा +१. आणि ज्यांना ढील द्यायची हौस आहे त्यांनी थायलंडकडं पण बघावं, मलेशियाच्या वरच्या अंगाचा शेजारी. जून २०२२ ला गांजा अमली पदार्थांच्या यादीतनं काढला, गल्लोगल्ली दुकानं निघाली, आणि जून २०२५ ला परत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही म्हणून नियम आणायला लागला. तीन वर्षांत यू टर्न. एकदा दार उघडलं की बंद करताना बोटं चेमटतात.

शिरोलीकर

राजारामपुरी, थायलंडनं गांजा खुला केला, मलेशियानं काहीच खुलं केलं नाही. तिथं आजही सगळं गुन्हाच हाय, फक्त शिक्षा ठरवताना न्यायाधीशाचे हात सोडले. ह्या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

मंगळवारपेठ, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, खरंच सांगतो. पण तुम्ही म्हणताय तो बुलेटवाला आणि पुलावर पकडला जाणारा, हे एकच असतात का? नागेंद्रन धर्मलिंगम म्हणून मलेशियाचाच पोरगा होता. २००९ ला पूल ओलांडून सिंगापूरच्या वुडलँड्स नाक्यावर आला, मांडीला ४२.७२ ग्रॅम हेरॉईन बांधलेलं. वय वीस. कोर्टात त्याचा बुद्ध्यांक ६९ निघाला. तेरा वर्षं जेलमध्ये काढली आणि २७ एप्रिल २०२२ ला फाशी दिली. ज्यानं ते बंडल दिलं तो काय पुलावरनं चालत आला नव्हता.

काळाकोट_कसबा

चर्चा चांगली चालली आहे म्हणून लिहितो. एनडीपीएसच्या, म्हणजे आपल्याकडच्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, केसेस मी बचावाकडून चालवतो, त्यामुळे माझा कल कुठे असेल ते समजून वाचा.

आधी शिरोलीकर, नागेंद्रनच्या केसमध्ये दुसरी बाजूही सांगायला हवी. सिंगापूरच्या कोर्टाने बुद्ध्यांकाचा मुद्दा ऐकून घेतला, पण आपण काय करतोय हे त्याला समजत होतं असा निष्कर्ष काढला. आणि मदतीचं सर्टिफिकेट त्याला मिळालं नाही. माझ्या मते खरी मेख इथे आहे. सर्टिफिकेट कुणाला मिळणार? ज्याच्याकडे देण्यासारखी माहिती आहे त्याला. साखळीत वर असलेल्या माणसाला चार नावं माहिती असतात. तळातल्या हमालाला फक्त एक फोन नंबर माहिती असतो, तोही बंद झालेला. म्हणजे जितका माणूस लहान तितकी सुटायची फट लहान.

दुसरं, गृहीतकं. सिंगापूरला २ ग्रॅमच्या वर हेरॉईन सापडलं की तुम्ही विकायलाच नेत होता असं कायदा धरून चालतो. बॅगची किल्ली, गाडीची किल्ली तुमच्या खिशात असेल तर आतला माल तुमचा, आणि तो काय आहे हे तुम्हाला माहिती होतं, असंही धरतो. नव्हतं माहिती हे आरोपीनं शाबित करायचं. मलेशियात अशी दोन गृहीतकं एकावर एक रचता येत होती, ती २०१९ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने रद्द केली. मला २०२३ च्या बदलाइतकाच तो निकाल महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्याकडे कायदा पोकळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. एनडीपीएस १९८५ चा. मालाचे तीन गट, लहान, मधला आणि व्यापारी, म्हणजे कोर्टात आम्ही ज्याला कमर्शियल क्वांटिटी म्हणतो. गांजा १ किलोपर्यंत लहान, २० किलोच्या वर कमर्शियल. हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. एमडी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. लहान असेल तर एक वर्षापर्यंत, मधला असेल तर दहा वर्षांपर्यंत, कमर्शियल असेल तर कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २० वर्षं. कमी करायचा अधिकार न्यायाधीशाला नाही, म्हणजे तराजू आपल्याकडेही आहेच. आणि कलम ३७ मुळे कमर्शियलमध्ये जामीन मिळवायचा तर हा माणूस दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, याची खात्री कोर्टाला खटल्याआधीच पटवावी लागते. चार्जशीटला १८० दिवस. चार-पाच वर्षं कळंबा जेलमध्ये काढून निर्दोष सुटलेले अशील माझ्याकडे आहेत.

शिवाय २०२० पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने भेसळीसकट सगळं वजन धरतात. पावशेर पिठीसाखरेत ४ ग्रॅम हेरॉईन असलं तरी २५४ ग्रॅम, कमर्शियल. सिंगापूरमध्ये ते १५ ग्रॅम शुद्ध हेरॉईनचं मोजतात. या एका बाबतीत त्यांचा तराजू आपल्यापेक्षा काटेकोर आहे.

मंगळवारपेठ

वकीलसाहेब, एवढा कडक कायदा हाय तर मग तो बुलेटवाला सहा महिन्यांत भायेर कसा आला ते सांगा. ते नाही सांगितलं तुम्ही.

काळाकोट_कसबा

सांगतो. त्याच्याकडे सापडलं असेल ५० ग्रॅमच्या आत, म्हणजे कलम ३७ लागत नाही. विकणारे मूर्ख नसतात, आकडे त्यांना माझ्यापेक्षा पाठ असतात, खिशात कधीच जास्त ठेवत नाहीत. आणि खटल्यात सुटतात ते शिक्षा कमी आहे म्हणून नाही. अंगझडती घेताना आरोपीला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्यायचा तुला हक्क आहे, कलम ५०, ते नीट सांगितलेलं नसतं. सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोर काढायचं असतं, ते पोलीस ठाण्यातच काढलेलं असतं. केमिकल अनालायझरकडे गेलेल्या पाकिटावरचं सील आणि पंचनाम्यातलं सील जुळत नाही. आणि सगळ्यात जास्त म्हणजे पंच, झडतीच्या वेळी हजर ठेवलेले साक्षीदार. एक तर पंच प्रत्येक केसमध्ये तेच ठरलेले, नाहीतर तारखेला येतच नाहीत, आले तर म्हणतात सही माझी आहे पण मी काही बघितलं नाही.

उद्या १५ ग्रॅमला फाशी ठेवली तरी हे सगळं असंच राहणार. उलट फाशीची केस म्हटल्यावर न्यायाधीश एकेक कागद दहा वेळा तपासणार आणि जास्त सुटतील. आपल्याकडेही फाशी होती हो. दुसऱ्यांदा मोठ्या मालासह सापडला, उदाहरणार्थ १ किलो हेरॉईन, तर सक्तीची फाशी असं १९८९ ला कलम ३१अ घातलं. ते सक्तीचं असणं मुंबई हायकोर्टाने २०११ मध्ये अमान्य केलं आणि २०१४ मध्ये संसदेने कायद्यातच ऐच्छिक केलं. म्हणजे मलेशियाने २०२३ मध्ये जे केलं ते आपण नऊ वर्षं आधी केलंय. आणि या कायद्याखाली आजवर एकालाही फाशी दिलेली नाही.

ऊसवाला_शिरोळ

वकीलसाहेब एक विचारू का, आमच्याकडं उसात गांजा सापडल्याच्या बातम्या येतात नव्हं, त्यात झाडं मुळासकट उपटून टेम्पोत घालून वजन करतात, चिखल पण त्यातच. सालगड्यानं बांधाच्या आत वीस-पंचवीस झाडं लावली, मालक सहा महिनं उसात शिरलाच नाही तर त्याला काय म्हायती. मग ह्यो कमर्शियल का?

काळाकोट_कसबा

लागवडीला वजनाचा प्रश्नच नाही, कलम २० मध्ये लागवड म्हटलं की दहा वर्षांपर्यंत. वजनाचा वाद येतो तो ताब्यातल्या मालाला. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचा शेंडा, नुसती पानं आणि बिया शेंड्याशिवाय असतील तर गांजात धरत नाहीत, म्हणूनच शिवरात्रीची भांग या कायद्याबाहेर राहते. मूळ, खोड, चिखल हे सगळं वजनात आलं की आम्ही त्याच मुद्द्यावर भांडतो. मालकाने सालगड्याशी झालेला व्यवहार लेखी ठेवावा आणि उसात फिरून यावं, एवढाच सल्ला.

जोहोरकर_इचलकरंजी

मी सहा वर्षं जोहोर बाहरूला आहे, मूळचा इचलकरंजीचा. धागा घरच्यांनी पाठवला म्हणून लिहितोय.

शिरोलीकर काका, तुमच्या पुतण्याला एक नीट सांगा, मलेशिया सौम्य आहे असं डोक्यात घेऊन येऊ दे नको. लोकांना वाटतं सिंगापूर कडक आणि हिकडं चालतंय. गांजाचा आकडा सिंगापूरला ५०० ग्रॅम आणि मलेशियाला २०० ग्रॅम. बर्फ म्हणतात ते मेथ, सिंगापूरला २५० आणि मलेशियाला ५०. म्हणजे फाशीच्या गुन्ह्याचा उंबरा ह्या दोन मालांना मलेशियाचाच खाली आहे. शेवटी फाशी मिळेल का नाही हा पुढचा प्रश्न, पण केस त्याच कलमात लागते. आणि फटके म्हणजे आपल्याकडं शाळेत छडी बसायची तसलं काही नव्हे. वेत पाण्यात भिजवलेला, माणूस चौकटीला बांधलेला, डॉक्टर शेजारी उभा. बायकांना आणि ५० च्या वरच्या पुरुषांना नसतात. एका तमिळ फोरमननं त्याच्या भावाचं सांगितलं होतं, तो माणूस नंतर किती दिवस पालथा झोपत होता ते सांगताना त्याचा आवाज गेला.

पुलाचं सांगतो. पहाटे साडेचारला जाऊन बघा, मोटरसायकलींचा पूर लागलेला असतो, हजारो, सगळे मलेशियाचे, पगार सिंगापूर डॉलरमध्ये मिळतो म्हणून रोज जाणारे. हेल्मेटच्या आत हेडफोन, डिकीत डबा. माझ्या रूमवरचा एकजण रोज जायचा. त्याची एक सवय होती, पुलाच्या आधी गाडी कडेला लावून डिकी उघडून डबा, रेनकोट, हातमोजे सगळं बाहेर काढून बघायचा आणि परत भरायचा. रोज. चार वर्षं. कुणीतरी काही टाकलं असलं तर? तिथल्या कायद्यात मला म्हायती नव्हतं म्हटलं तर ते शाबित आपणच करायचं. पूर्वी सिंगापूरला जाताना जो कागद भरायला लागायचा त्यावर लाल अक्षरात छापलेलं असायचं की अमली पदार्थ विकणाऱ्याला मरणाची शिक्षा आहे. आता फॉर्म मोबाईलवर भरतात पण ते लाल अक्षर सगळ्यांच्या डोक्यात आहेच.

तर मला दोन्ही बाजू पटतात. सिंगापूरला रात्री दोन वाजता पोरी एकट्या फिरतात, बागेत सुई पडलेली दिसत नाही, हे खरं आहे. आणि डिकी रोज उघडून बघणारा माझा मित्र पण खरा आहे.

मंगळवारपेठ

हेच! भावानं तिकडनं सांगितलं आता. बागेत सुई दिसत नाही. मला तेवढंच पायजे. रंकाळ्यावर संध्याकाळी पोरांना घेऊन जातो मी, भेळ खाऊन येतो, मला तिथं मागच्या बाजूला कोण काय ओढालाय हे बघायचं नाही.

आणि शिरोलीकर दादा, तुमच्याच घरची गोष्ट घ्या. वहिनींनी तीन किलो चटणी परत डब्यात ओतली. का ओतली? भ्यालं म्हणून. पावशेर खसखशीला जर एक शिरोलीची बाई हजार कोस लांबनं भिती तर तो कायदा चालतोय दादा. आपल्या कायद्याला कोण भितंय? ढोलगरवाडीत, आपल्याच चंदगडात, २०२१ ला मुंबईच्या पोलिसांनी येऊन एमडीचा कारखाना पकडला. २०२४ ला कुरकुंभ झालं, कुपवाड झालं, कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीत शेतात कारखाना निघाला. ढोलगरवाडी म्हटलं की आम्ही लहानपणी नागपंचमीला साप बघायला जायचो. आता गुगल केलं की काय येतं बघा. हे भिलेले लोक हायत का? कारखाना टाकतात, गेट लावतात, कामगार ठेवतात.

शिरोलीकर

हा तुमचा मुद्दा भारी हाय आणि मी दोन दिवस त्यावर विचार केला. वहिनी भ्याली हे खरं. पण वहिनी कधी काही नेणारच नव्हती. जी भीती वहिनीला बसली ती नागेंद्रनला का नाही बसली? तो पुलाच्या पलीकडच्याच देशातला, आणि तरी मांडीला बांधून आला. २०२३ ला सिंगापूरनं एका बाईला फाशी दिली, जवळजवळ वीस वर्षांत पहिल्यांदा बाईला, ३० ग्रॅमच्या आसपास हेरॉईन होतं, ती तर सिंगापूरचीच, घरचीच. भीती सरळ माणसाला बसती. ज्याच्या डोक्यावर कर्ज हाय, ज्याला स्वतःलाच ते पावडर लागतंय, तो उद्याचा विचार करत नाही, तुमच्या तालमीतल्या पोरानं म्हस विकताना उद्याचा विचार केला होता का?

आणि हो, ढोलगरवाडीचं तुम्ही बोलला ते मला मान्य हाय. कारखानावाल्याला मी माया दाखवा म्हणत नाही. माणूस बघून ठरवा म्हणजे हमालाला हमालाची आणि मालकाला मालकाची. कारखाना टाकणाऱ्याला २० वर्षं पूर्ण काढू द्या कळंब्यात, एक दिवस कमी नको. मलेशियात पण न्यायाधीशाला वाटलं तर फाशी देता येतीच की.

समुपदेशक_वीणा

मी व्यसनमुक्तीचं काम करते, अकरा वर्षं झाली. माझ्याकडे जे येतात त्यांच्याबद्दलच बोलू शकते.

माझ्यासमोरच्या खुर्चीवर पहिल्यांदा पोरगा कधीच येत नाही, आई येते. पदरात काहीतरी गुंडाळून आणते, चमचा असतो, चांदीचा कागद असतो, कधी एवढीशी झिपलॉकची पिशवी. आणि पहिला प्रश्न काय असतो सांगू, "हे तुम्ही पोलिसात देणार नाही ना?" उपचार काय, किती दिवस, किती पैसे, हे सगळं नंतर. एक आई आठ महिने माझ्या दाराच्या आसपास घुटमळत होती, यायला धजत नव्हती, का तर शेजारच्या कुणीतरी सांगितलं की नाव लिहिलं की दहा वर्षं आत. आठ महिन्यांत एमडी माणसाचं काय करतं ते मंगळवारपेठ दादांनी लिहिलंच आहे.

मग मी तिला सांगितलं की नुसतं सेवन केलं तर आपल्याकडे पदार्थ बघून जास्तीत जास्त सहा महिने किंवा एक वर्षाची तरतूद आहे, आणि कलम ६४अ आहे, म्हणजे सेवनाची किंवा लहान क्वांटिटीची केस असेल आणि माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यापासून सूट मिळू शकते, उपचार अर्धवट सोडला तर सूट जाते. तिने ते कलम हातावर पेनने लिहून घेतलं.

आणि दादा, सिंगापूरचं एक तुम्ही सोडून दिलंत. तिथे नुसतं व्यसन असणाऱ्याला, दुसरा गुन्हा नसेल तर, बहुतेक वेळा सरकारी पुनर्वसन केंद्रात टाकतात, बंदिस्त असतं, महिनोन्‌महिने, पण गुन्हेगार म्हणून नोंद होत नाही. बाहेर आल्यावर तपासण्या, कामाला लावणं, सगळं सरकार करतं. म्हणजे सुई दिसत नाही ती फक्त फाशीमुळे नाही. आपण त्यांचा फास तेवढा मागतो, त्यांची केंद्रं मागत नाही. आपल्या जिल्ह्यात एमडीच्या पोराला ॲडमिट करायचं म्हटलं तर मला आधी दहा फोन करावे लागतात, आणि एखादी पोरगी असेल तर विचारूच नका.

राजारामपुरी_सहावी_गल्ली

ताई हे माहीत नव्हतं. पण मग दोन्ही का नको? केंद्रं पण आणि फाशी पण, सिंगापूरसारखंच अख्खं उचला.

काळाकोट_कसबा

अख्खं उचलायचं तर त्यांची तपास यंत्रणा, लॅब आणि कोर्टही उचला. सिंगापूर मुंबईच्या सव्वापट असेल नसेल, चारी बाजूंनी पाणी, मोजके नाके. आपल्याकडे एक तारीख गेली की पुढची तीन महिन्यांनी. आता ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं तर जामिनासाठी मुंबईच्या चकरा वाचल्या, पण खालचा खटला तसाच चाललाय. चुकीच्या माणसाला दहा वर्षं दिली तर अपिलात बाहेर काढता येतो. दुसऱ्या शिक्षेत ते होत नाही, आणि पंच कसे असतात ते वर लिहिलंय.

मंगळवारपेठ

वकीलसाहेब ते पंचाचं तुम्ही लिहिल्यापासनं मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

सांगूनच टाकतो. दोन वर्षांमागं आमच्या दुकानाजवळ रेड पडली. साध्या कपड्यातला एकजण आत आला, म्हणाला पंच म्हणून येता काय, दहा मिंटांचं काम हाय. मी म्हटलं गिऱ्हाईक हाय, दुसरं कोणतरी बघा. गिऱ्हाईक एकच होतं, दोन मीटर पायपिंग घ्यायला आलेलं. खरं कारण असं की मला कोर्टाची तारीख नको होती आणि त्या लोकांशी वैर नको होतं. नंतर कळलं कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला नेलं, त्याला सही करता येत नव्हती, अंगठा घेतला. त्या रेडमध्ये पकडलेला कोण होता ते आता सांगायला पायजे काय.

फाशीचं माझं मत बदललेलं नाही, शिरोलीकर दादा. त्या पोराच्या आईला रोज बघतो मी, तुम्ही नाही बघत. पण वकीलसाहेब, पंच म्हणून उभा राह्यलं तर पुढं काय काय करायला लागतं, किती तारखा, दुकान किती दिवस बंद, आणि नाव त्या लोकांना कळतं काय, हे जरा सविस्तर लिहा. आणि वीणाताई, ते ६४अ चं मला मेसेज करा, त्या पोराच्या आईला वाचून दाखवायचंय.